बाबासाहेबांचे गुरुजी जॉन ड्युई आणि आपला वर्ग

आपल्या वस्तीतल्या पोरांना फार अवघड काही शिकवू नये, हळूहळू घ्यावे, प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावीत, पास होण्यापुरते आले म्हणजे पुरे, असे मानणारे मास्तर आजही गावोगाव भेटतात. त्यातले काही मनुवादी असतात हे खरे, पण सगळे तसे नसतात. काही तर आपलेच असतात आणि अगदी कळवळ्याने तसे बोलतात. तिरस्कार करणाऱ्यापासून सावध राहायला चळवळीने आपल्याला शिकवले. कळवळा करणाऱ्यापासून सावध कसे राहायचे, हे मात्र आपण अजून शिकलेलो नाही. सोपा करून दिलेला धडा हाही अपमान असू शकतो. समोरच्या मुलाला डोके आहे हे नाकारण्याची ती सभ्य रीत आहे.

मी स्वतः बरीच वर्षे मास्तरकी केली. जानेवारीच्या आत पोर्शन संपवणारा शिक्षक म्हणून माझे नाव होते. फळा भरून लिहायचे, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे, घंटा झाली की डस्टर उचलून पुढच्या वर्गावर जायचे. माझा वर्ग शांत असे आणि त्या शांततेचा मला अभिमान होता. जॉन ड्युई वाचल्यावर तो अभिमान गेला.

ड्युई यांचे नाव आपल्या कार्यकर्त्यांना नवे नाही. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. ड्युई हे त्यांचे वर्गातले गुरू. जयंतीच्या भाषणात वक्ता हे नाव घेतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. हा माणूस कोण होता, त्याने शाळेचा काय विचार केला, वर्गातला तास कसा चालावा असे त्याला वाटे, हे सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

जॉन ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा ११ वर्षे झाली होती. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. घर खाऊनपिऊन सुखी, आई कडक धार्मिक वळणाची. मुलगा लाजाळू आणि पुस्तकात डोके घालून बसणारा, पण शाळा त्याला कंटाळवाणी वाटे. पुढे जगभर शिक्षणाचा तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला माणूस शाळेत कंटाळलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट आपल्या मुख्याध्यापकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८७९ मध्ये ते व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी या तेलाच्या गावी हायस्कुलात मास्तर म्हणून लागले. तेथे दोन वर्षे काढली, मग व्हरमाँटमध्येच एका खेड्यातल्या शाळेवर काही महिने. खेड्यातली पोरे त्यांना आवरत नसत, असे सांगतात. नोकरी सोडून ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेले आणि १८८४ मध्ये डॉक्टरेट घेऊन मिशिगन विद्यापीठात शिकवू लागले. तेथे ॲलिस चिपमन या तडफदार विद्यार्थिनीशी ओळख झाली व १८८६ मध्ये विवाह झाला. ढगात वावरणाऱ्या तत्त्वज्ञानाला जमिनीवर आणण्याचे बरेचसे श्रेय या बाईंना आहे. घरात मुले वाढू लागली, आणि मूल कसे शिकते हा प्रश्न ड्युई यांच्यापुढे ग्रंथातून नव्हे तर ओसरीवरून आला.

१८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. शहर कारखान्यांचे, देशोदेशींच्या गरीब मजुरांचे. त्याच वर्षी रेल्वे कामगारांचा मोठा संप पेटलेला. जेन ॲडम्स यांनी मजूरवस्तीत चालवलेल्या हल हाऊस या केंद्रात ड्युई यांचे जाणे-येणे सुरू झाले. आणि जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या छायेखाली एक शाळा काढली. मुले १६, शिक्षक दोन. प्रयोगशाळेत रसायने तपासतात तशी शिक्षणाची कल्पना प्रत्यक्ष मुलांत तपासायची, म्हणून तिला प्रयोगशाळा-शाळा म्हणत.

या शाळेसाठी बाके घ्यायला ड्युई शिकागोच्या दुकानांतून हिंडले. मनासारखी बाके कुठेच मिळेनात. शेवटी एका दुकानदाराच्याच लक्षात आले, की या गृहस्थाला मुलांनी काम करावे अशी बाके हवी आहेत आणि आपल्याकडचा सगळा माल मुलांनी ऐकत बसावे यासाठी बनवलेला आहे. ही हकीकत ड्युई यांनी आपल्या ‘स्कूल अँड सोसायटी’ या १८९९ च्या पुस्तकात सांगितली आहे. सव्वाशे वर्षे झाली, आपल्या शाळांतली बाके अजून त्याच दुकानातली आहेत.

त्या शाळेतला एक तास मला फार आवडतो, कारण त्यात कापूस आहे. मुलांच्या हातात मेंढीची कच्ची लोकर आणि बोंडातला कच्चा कापूस दिला. त्यांच्या मुलखात लोकरीचे कापड आधी रुळले आणि सुताचे त्यामानाने फार उशिरा. (आपल्याकडे सूत हजारो वर्षांचे, ती गोष्ट वेगळी.) असे का झाले असावे? शिक्षिकेने फळ्यावर कारणे लिहून दिली नाहीत. मुले सरकीपासून कापूस हातांनी सुटा करायला बसली. अर्धा तास सगळा गट खपला आणि रुई निघाली एका औंसाहून कमी, म्हणजे आपल्या जुन्या मापाने अर्धा छटाकसुद्धा नाही. मग मुलांनीच हिशेब मांडला, की एक माणूस दिवसभर बसला तरी हाताने जेमतेम एक पौंड रुई काढील. वाडवडील लोकर का घालत होते, याचे उत्तर त्यांच्या दुखऱ्या बोटांनीच दिले. पुढे त्यांनी दोन्हींचे धागे ताणून पाहिले. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरखरीत, म्हणून लोकर एकमेकींत गुंतते आणि काततानाही सोपी जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. तिथून पिंजणे, कातणे, विणणे, आणि एकेका अडचणीवर तोड म्हणून निघालेली एकेक यंत्रे.

एखादा तपासनीस त्या वर्गात आला असता तर म्हणाला असता, की अर्धा तास फुकट गेला. तोंडी सांगितले असते तर दोन वाक्यांत झाले असते. पण दोन वाक्यांत सांगितले असते तर त्यानंतर वर्ग पुढे हलला नसता. अर्धा तास सरकी काढल्यावर पुढचे प्रश्न मुलेच विचारू लागली. तासाची गती म्हणजे पानांची संख्या नव्हे. आधी एका जागी थांबावे लागते, म्हणजे पुढे पळता येते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या पोरांच्या हातांना हा कापूस लहानपणापासून ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे आईबरोबर वेचणीला गेल्यामुळे ज्यांची शाळा बुडते, ती ही पोरे. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजरी पडते. परत आल्यावर पुस्तकात काय, तर कापसाचे उपयोग लिहा. जे त्याला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा, मास्तरांपेक्षाही जास्त कळते, त्यावर त्याला कोणी विचारत नाही. किलोला मजुरी किती, दिवसात किती किलो वेचून होतो, गाठीचा भाव कोण ठरवतो, सरकी काढण्याचे यंत्र एली व्हिटनी याने १७९३ मध्ये बनवल्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे रान का वाढले आणि त्याबरोबर काळ्या गुलामांची खरेदी-विक्री का वाढली, इथपर्यंत एका मूठभर कापसावरून पंधरा दिवसांत जाता येते. यात गणित आहे, विज्ञान आहे, इतिहास आहे, आणि यातले काहीही सोपे नाही.

आता या शाळेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथली मुले बहुतेक प्राध्यापकांची आणि सुस्थितीतल्या घरांची होती. १९०२ च्या सुमारास मुले १४० आणि शिक्षक २३, शिवाय मदतनीस वेगळे. एका शिक्षकामागे सहा मुले! पन्नास-साठ मुले एका खोलीत कोंबणाऱ्या आपल्या शाळांनी त्या शाळेची नक्कल करायची म्हटले तर ते हास्यास्पद होईल. शिकागोच्या मजूरवस्तीतले पोर त्या शाळेत सहसा दिसत नव्हते, आणि हे वैगुण्य ड्युईभक्तांनी झाकू नये. पण मूठभर कापसाला पैसे पडत नाहीत. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायलाही पैसे पडत नाहीत.

विद्यापीठाच्या प्रमुखांशी शाळेच्या कारभारावरून वाद झाला. ॲलिसबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांचे पद टिकणार नाही असे दिसले. १९०४ मध्ये दोघांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा लहान मुलगा गॉर्डन वारला. आधीचा एक मुलगा, मॉरिस, १८९५ मध्ये असाच परदेशात गेला होता. दोन मुले गमावलेला हा बाप न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात रुजू झाला आणि नंतर अखेरपर्यंत न्यूयॉर्क हेच त्याचे घर राहिले.

तिथे १९१० मध्ये त्यांचे ‘हाऊ वुई थिंक’ हे शिक्षकांसाठी लिहिलेले पुस्तक आले. त्यातला मुख्य मुद्दा एका खेडुतालाही समजेल असा आहे. सरळ वाटेने चालणारा माणूस विचार करत नाही, नुसता चालतो. वाटेला फाटे फुटले, आणि कोणता धरावा कळेना, की तो थांबतो, इकडेतिकडे पाहतो, खुणा शोधतो, अंदाज बांधतो आणि चार पावले टाकून तो तपासतो. विचार अडचणीतून जन्मतो. मग ज्या तासाला मुलापुढे एकही अडचण येत नाही, त्या तासाला मूल विचार करणार कशाला? आपण वाट इतकी झाडूनपुसून देतो, की त्याने डोळे मिटून चालावे.

याचा अर्थ मुलावर डोंगर ढकलावा असा नव्हे. १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात ड्युई यांनी हे माप नेमके सांगितले आहे. काम असे असावे की डोक्याला आव्हान मिळेल. पण ते इतके परके नसावे, की मुलाला पाय ठेवायला ओळखीची जागाच उरू नये. नवे आणि ओळखीचे यांची सरमिसळ हवी. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शाळेबाहेर मूल प्रश्न विचारून घरच्यांना भंडावून सोडते आणि वर्गात धड्याबद्दल त्याला एकही प्रश्न पडत नाही. माझ्या शांत वर्गाचे कोडे मला इथे उलगडले.

‘हाऊ वुई थिंक’मधला आणखी एक भाग आपल्यासाठी मोलाचा आहे. कोणाला पटकन सुचते, कोणाला उशिरा. पण उशिरा उत्तर देणारा मंदच असेल असे नाही. एखादा प्रश्न त्याच्या मनात खोलवर उतरत असेल आणि खोलवर जाऊन परत यायला वेळ लागतो. झटपट उत्तराला शाबासकी देणारा शिक्षक मुलांना प्रश्नाच्या वरवरून घसरत जायला शिकवतो. शाळेने ढ ठरवलेली कितीतरी माणसे पुढे कर्तबगार निघतात, हे त्यांनी बजावले. आपल्या समाजातल्या किती पोरांच्या पाठीवर हा ढ नावाचा शिक्का बसला असेल! घरची बोली वेगळी, पुस्तकातली भाषा वेगळी. मनातल्या मनात एकीतून दुसरीत जायला त्याला पाच सेकंद जास्त लागतात. तेवढ्यात मास्तर पुढच्या बाकाकडे वळलेले असतात. पुढच्या बाकावरचा ज्या घरातून आला आहे तिथे तीच भाषा बोलतात, म्हणून तो हुशार ठरतो. त्या पाच सेकंदांत जात आहे.

१९३३ मध्ये याच पुस्तकाची सुधारून लिहिलेली आवृत्ती निघाली. त्यात वर्गात प्रश्न कसे विचारावेत हे त्यांनी सांगितले आहे. पाठ केलेले जसेच्या तसे ओकायला लावणारा प्रश्न नको. शिकलेले वापरून नवे कोडे सोडवायला लावणारा हवा. मास्तरांच्या मनात काय आहे ते ओळखण्याचा खेळ नको. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही अशी प्रश्नांची सरबत्ती नको. प्रत्येक प्रश्नाने विषय पुढे सरकला पाहिजे. मधूनमधून थांबून कुठवर आलो हे मुलांनीच मागे वळून पाहावे. आणि तास संपताना काहीतरी हाती लागले असे वाटावे, तसेच पुढे आणखी काहीतरी आहे याची ओढही राहावी. मी माझ्या तासाला विचारलेले प्रश्न आठवून पाहिले. समजले का? हा एकच प्रश्न मी वर्षानुवर्षे विचारत होतो, आणि त्याचे उत्तर सगळे एका सुरात देत.

काहींनी ड्युई यांचा उलटा अर्थ लावला. मुलांना वाटेल ते करू द्यावे, शिक्षकाने बाजूला बसावे, म्हणजे नवे शिक्षण, असे म्हणणाऱ्या शाळा अमेरिकेत निघाल्या. ड्युई यांनी १९३८ मध्ये ‘एक्सपिरिअन्स अँड एज्युकेशन’ लिहून आपल्याच अनुयायांचे कान उपटले. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. पुढचा अनुभव अधिक समृद्ध करणारी मांडणी शिक्षकाने विचारपूर्वक करावी लागते. कृतियुक्त शिक्षणाच्या नावाखाली रंगीत कागद कापून चिकटवणे म्हणजे ड्युई नव्हे. त्यात मुलाचा हात गुंततो, डोके मोकळेच राहते.

एवढे सगळे लिहिणारे ड्युई स्वतः व्याख्याते म्हणून कसे होते? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण पहिल्या दिवशी त्यांचा तास ऐकणारा विद्यार्थी बहुधा निराश होई. टेबलामागे बसून, हातातले कागद चुरगाळत, खिडकीबाहेर किंवा छताकडे पाहत ते संथपणे बोलत. वाक्यावाक्यात थांबत. आवाजात चढउतार नाही, विनोद नाही, टाळ्यांची वाक्ये नाहीत. पुढे स्वतः तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झालेला त्यांचा विद्यार्थी इर्विन एडमन याने लिहून ठेवले आहे, की घरी येऊन टिपणे वाचली तेव्हा कळले, विस्कळीत वाटलेल्या त्या बोलण्यात केवढी घट्ट वीण होती. हे गृहस्थ तयार विचार सांगत नव्हते, मुलांसमोर विचार करत होते. ज्याला त्यांच्याबरोबर चालायचे असेल त्याने चालावे. ज्यांना वाटते की वर्ग रंगवायचा म्हणजे मास्तरने नट झाले पाहिजे, त्यांनी यावर विचार करावा. मात्र पाचवीच्या वर्गात छताकडे पाहत बोलून चालणार नाही, हेही खरेच.

या वर्गात साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसवलेला एक विद्यार्थी येऊन बसला होता. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले आणि १९१४ ते १९१६ या काळात त्यांनी ड्युई यांचे तास केले. घरून आणलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या आणि तहान लागली तर शिपायाची वाट पाहणाऱ्या मुलाला इथे कोणी सोपे करून सांगितले नाही. जगातल्या त्या वेळच्या थोर तत्त्वज्ञाने आपले न सुटलेले प्रश्न त्याच्यापुढे मांडले. त्याच विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवाद-वर्गात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वय वर्षे २५. विद्यार्थ्याने स्वतःचा सिद्धांत मांडायचा आणि इतरांनी तो तपासायचा, हीच तिथली रीत होती.

ड्युई यांच्याकडून हत्यार घेतले, तरी ते चालवायचे कुठे हे बाबासाहेबांनी स्वतः ठरवले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये जी परिषद भरली तिच्या आवाहनावर ड्युई यांची सही होती आणि ते तिथे बोललेही. पण त्यांच्या प्रचंड लेखनात वंशभेदाला मिळालेली जागा फार थोडी आहे. बाबासाहेबांनी ती चाकोरी ओलांडली. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्युई यांचे ऋण आपले शिक्षक म्हणून मान्य केले, आणि त्यांचा विचार जातिव्यवस्थेच्या मुळावर घातला.

बाबासाहेब स्वतः प्राध्यापक झाले, १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात. सुरुवातीला हा काय शिकवणार म्हणून विद्यार्थी बेफिकीर होते. पुढे दुसऱ्या कॉलेजांतली मुले त्यांचे तास ऐकायला येऊ लागली. १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले. भल्याभल्या पंडितांना प्रश्नांनी निरुत्तर करणारा राजा मिलिंद, आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा भिक्खू नागसेन. मराठवाड्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच अक्षर शिकलेल्या मुलांच्या कॉलेजाला त्यांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले.

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मान्य पदवी देऊ केली. ते न्यूयॉर्कला निघाले तेव्हा ड्युई यांची भेट होईल या ओढीत होते. १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्युई वारले. बाबासाहेब तेव्हा प्रवासातच होते. ५ जूनला पदवी मिळाली. न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हुकलेली भेट कळवली, आणि आपले सारे बौद्धिक जीवन आपण या माणसाला देणे लागतो असे लिहिले. माईसाहेबांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. वर्ग सुटून तीस वर्षे उलटली तरी ड्युई सर वर्गात कसे वागत, त्यांच्या लकबी काय होत्या, याची बाबासाहेब मोठ्या खुशीत नक्कल करून दाखवीत.